‘हाय खाल्ली’ म्हणून विषय संपवू नका

जत्रेच्या कुस्तीच्या आदल्या रात्री आबा ओसरीवर घोंगडं टाकून पडायचे. डोळे मिटलेले, पण झोप नाही. मध्येच उजवा खांदा उडायचा, बोटं आवळली जायची, पायाचा अंगठा घोंगड्यावर दाब देऊन सुटायचा. आई म्हणायची, “गप झोपा की आता.” आबा डोळे न उघडताच म्हणायचे, “थांब जरा. पट काढलाय, पाठीवर जातोय.” मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. मला वाटायचं, आबा स्वप्नात कुस्ती खेळतात.

खूप वर्षांनी शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करताना एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरबद्दल वाचलं. १९३०च्या सुमारास त्यानं माणसांच्या दंडाला तारा जोडल्या आणि हात न हलवता फक्त हात वाकवल्याची कल्पना करायला सांगितलं. दंडाच्या स्नायूत बारीकशी वीज उमटली. हात जागेवर होता, स्नायू मात्र आपलं काम सुरू करून मोकळा झाला होता. मला लगेच ओसरीवरचा तो उडणारा खांदा आठवला.

आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वस्तादांनी जोर-बैठका शिकवल्या, पट काढताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं ते शिकवलं. रात्री डोळे मिटून काय करायचं ते आबांचं आबांनीच शोधलं होतं, आणि ते अर्धंच सापडलं होतं. आमच्या ओसरीवर शांतता असायची. रातकिडे, गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज, एवढंच. कोल्हापूरच्या खासबागेत शांतता नसते. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात आबा पहिल्यांदा मोठ्या जोडीला उतरले, तेव्हा काय झालं ते त्यांनी मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. “सलामी झाली आणि हलगी पोटात शिरली. पाय माझे राहिलेच नाहीत.” तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला घिस्सा डाव लागला, पाठ मातीला टेकली. परतीच्या वाटेवर कुणीतरी म्हणालं, पोरगं ताकदीचं आहे पण हाय खाल्ली. पुढची सगळी वर्षं ते वाक्य आबांच्या नावाला चिकटून राहिलं.

गेली अठरा वर्षं मी इथे शाळेत खेळ शिकवते, आणि तेच वाक्य मी पोरांच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. टायब्रेकरमध्ये पेनल्टी बारवरून गेली, हाय खाल्ली. नेमबाजीच्या सरावात दहाच्या आसपास मारणारी मुलगी स्पर्धेत आठवर गेली, काळीजच नाही. एकदा असं म्हटलं की मोठ्यांची जबाबदारी संपते. ज्याच्या नावावर ते वाक्य लागलं तो मात्र घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. हाय खाणं हा मला न शिकवलेल्या गोष्टीचा परिणाम वाटतो. पट न शिकवलेल्या पोराला पट येत नाही म्हणून आपण भित्रा म्हणत नाही. दडपणात शरीर कसं सांभाळायचं हेही शिकवावं लागतं, ते शिकवण्याच्या पद्धती आहेत, आणि कोल्हापूरसारख्या खेळाच्या गावात त्या सार्वजनिक पैशातून प्रत्येक तालमीपर्यंत आणि शाळेपर्यंत पोचल्या पाहिजेत.

पद्धती दोन. एक, मनातला सराव: जे करायचं ते सगळं डोळ्यांसमोर आणि अंगात उभं करणं. दुसरी, बायोफीडबॅक: नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, तळहाताचा घाम, मेंदूतल्या लहरी यांचं मोजमाप त्याच क्षणी पडद्यावर दाखवून खेळाडूला त्यावर ताबा मिळवायला शिकवणं. पहिलीला खर्च नाही. दुसरीला आहे.

मनातला सराव म्हणजे “मी जिंकणार, मी जिंकणार” असं घोकणं, असा एक गैरसमज घट्ट बसलाय. गळ्यात पदक पडल्याचं चित्र रंगवून काही साधत नाही. चित्र कृतीचं लागतं. २००१ साली होम्स आणि कॉलिन्स या दोन संशोधकांनी या सरावाचा एक आराखडा मांडला. त्याचं सार असं की मनातली कृती प्रत्यक्षाच्या जितकी जवळ, तितका तिचा उपयोग जास्त. पवित्रा तोच हवा, अंगावरचे कपडे तेच, वेळ तितकाच, भावना तीच आणि जागा तीच. माझ्याकडच्या कुस्तीच्या मुलांना मी पलंगावर पडून कल्पना करू देत नाही. लांग घालून, अनवाणी, मातीत पाय रोवून उभं राहायचं. ताक, तेल, हळद घातलेल्या मातीचा वास नाकात यायला हवा, आणि समोरच्याच्या मानेवर हात टाकल्यावर त्याच्या घामाचा ओलेपणा तळहाताला लागायला हवा. खडाखडीला, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीला, प्रत्यक्षात जेवढा वेळ जातो तेवढाच मनातही जायला हवा. पाच सेकंदात चीतपट केली, तर तो सराव झाला नाही.

यातून खरंच फरक पडतो का, हा वस्तादांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर फुगवून देऊ नये. फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी १९८३ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव स्पष्टपणे बरा, पण प्रत्यक्ष सरावाची बरोबरी तो करत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे जोर-बैठकांना सुट्टी नाही. दुसरा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. १९९२ साली यू आणि कोल यांनी काही जणांना चार आठवडे करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम दिला, आणि काही जणांना तोच व्यायाम फक्त मनात करायला सांगितला. प्रत्यक्ष करणाऱ्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली, मनात करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी. करंगळीचं जे झालं ते मांडीचं होईल असं मी म्हणत नाही. पण गुडघ्याचा लिगामेंट तुटून सहा महिने घरी बसलेल्या पोराला मी हा अभ्यास आवर्जून सांगते. त्याला काहीतरी करता येतं, हे कळणंच त्याच्यासाठी मोठं असतं.

उलट्या दिशेनंही हे तितकंच खरं आहे, आणि इथे आपण मोठी माणसं पोरांचं नुकसान करतो. १९८५च्या एका प्रयोगात गोल्फचा चेंडू जवळून खळग्यात ढकलण्याआधी काही जणांना चेंडू आत जातोय असं चित्र बघायला सांगितलं, तर काहींना तो अगदी काठावरून चुकतोय असं. चुकण्याचं चित्र बघणाऱ्यांची कामगिरी घसरली. आता शाहू स्टेडियमवर अटीतटीच्या सामन्यात पेनल्टीला उभा राहिलेला पोरगा आठवा. मागून प्रशिक्षक ओरडतो, “बाहेर मारू नको रे!” गॅलरीतून पेठेतली शंभर माणसं तेच ओरडतात. बाहेर जाणाऱ्या चेंडूचं चित्र आपणच त्याच्या डोक्यात ठेवतो आणि मग चुकला म्हणून त्यालाच बोल लावतो. “डावा कोपरा, खाली” एवढंच म्हणायला काय हरकत आहे? आमच्या शाळेच्या संघात मी ‘नको’ हा शब्दच बंद केलाय. सुरुवातीला माझ्याच तोंडून तो सारखा निसटायचा.

आणखी एक गोष्ट मला एका विद्यार्थिनीनं शिकवली. “डोळे मिटा, मैदान बघा,” असं मी म्हटलं तर ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, मला काहीच दिसत नाही. काळंच असतं.” मला वाटलं ती टाळतेय. पण अशी माणसं असतात. ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञानं २०१५ साली त्या स्थितीला ‘अफँटेजिया’ असं नाव दिलं. त्या मुलीला चित्र दिसत नव्हतं, पण उडी घेतानाचा पोटरीतला ताण आणि टाच उचलल्याचा क्षण तिला अंगात जाणवत होता. आम्ही तिचा सराव त्यावर बांधला. ‘सगळ्यांनी डोळे मिटा आणि हे बघा’ असा एकच धडा सगळ्या वर्गाला देऊन चालत नाही, हे तिच्यामुळे कळलं. म्हणूनच हे शिकवायला शिकलेलं माणूस लागतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुरत नाही.

आता यंत्राकडे येते. नेमबाजी हा आता कुस्तीइतकाच कोल्हापूरचा खेळ झालाय. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेही बरोबरी झाल्यावर लागोपाठ दोन शूट-ऑफ खेळून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत पुढे असताना एक नेम ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुरुवातीला मागे पडूनही ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. त्या क्षणांत त्यांच्या आत काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाहेरून एवढंच दिसतं की ५० मीटरवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा असतो, आणि छातीतला एक ठोका नेम हलवायला पुरतो.

ठोक्याचं महत्त्व इतकं की नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत निषिद्ध आहेत. बीजिंगला २००८ साली उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची दोन पदकं त्याच कारणानं काढून घेतली गेली. फिनलंडच्या संशोधकांना १९८७ साली असं आढळलं होतं की निष्णात नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत ट्रिगर दाबतात, नवखे कधीही दाबतात. त्याच बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा शेवटच्या नेमाआधी फिनलंडच्या हाक्किनेनशी बरोबरीत होता आणि त्यानं १०.८ मारून भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. तयारीत बायोफीडबॅक होतं, हे त्यानं स्वतः सांगितलंय.

माझी एक विद्यार्थिनी पिस्तूल मारते. दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन मी पुण्याला एका क्रीडामानसशास्त्रज्ञांकडे गेले, कारण इथे त्या वेळी आम्हाला कुणी सापडलं नाही. छोटी खोली, एक खुर्ची, एक लॅपटॉप. बोटाला चिमटा, पोटावर पट्टा. पडद्यावर दोन रेघा, एक श्वासाची, एक नाडीची. नाडीची रेघ मोडक्या कुंपणासारखी वेडीवाकडी होती. बाईंनी तिला श्वास लांबवायला सांगितला, मिनिटाला साधारण सहा होतील असा. श्वास घेताना ठोके जरा वाढतात, सोडताना कमी होतात, हे सगळ्यांच्याच शरीरात चालू असतं. सहाच्या आसपासच्या गतीला रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा आणि श्वास एका तालात येतात आणि ती लाट सगळ्यात मोठी होते. दहा-बारा मिनिटांत दोन्ही रेघा एकत्र चढू-उतरू लागल्या, झोपाळ्यासारख्या. पोरगी बघतच राहिली. “मॅडम, हे माझंच आहे?”

मग बाई म्हणाल्या, आता मागची राज्य स्पर्धा आठव, शेवटची मालिका. मुलगी हलली नाही, बोलली नाही. पण रेघ मोडली. नुसत्या आठवणीनं ठोके उसळले, कुंपण परत आलं. मनातलं चित्र शरीरात किती खोल उतरतं याचा याहून मोठा पुरावा मला नको. मनातला सराव आणि बायोफीडबॅक यांना एकत्र का बांधायचं, तेही तिथेच कळलं. चित्र पुरेसं खरं आहे की नाही ते रेघ सांगते, आणि त्या खऱ्या चित्रात उभं राहून रेघ सावरायची हाच सराव. तिसऱ्या भेटीत ती त्याच आठवणीत बसून रेघ परत झोपाळ्यावर आणू लागली. चौथी भेट झाली नाही. तिचे वडील रिक्षा चालवतात. पुण्याचा एक दिवस म्हणजे भाडं, फी आणि बुडलेला रोज.

हे सगळं सार्वजनिक व्हायला हवं असं मी म्हणते ते याच कारणानं. कोल्हापूर खेळाडूला द्यायला कधी मागे राहिलेलं नाही. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. आजही पैलवानाला दूध, बदाम, तूप लावून देणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. पण आपण जे डोळ्यांना दिसतं त्याला देतो. छाती भरलेली दिसते, स्टेडियमची गॅलरी दिसते. शांत झालेली नाडी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी वर्गणी काढत नाही आणि कुठल्या अंदाजपत्रकात तिला ओळ नसते.

आधी मॅट द्या, आधी मुलींसाठी स्वच्छतागृह द्या, मग या गोष्टी, असं काही सहकारी म्हणतात. मॅट आणि स्वच्छतागृहासाठी मी त्यांच्याबरोबर निवेदनावर सही केली आहे आणि पुन्हा करीन. पण ते येईपर्यंत पोरांना हाय खाऊ द्यायची का? मनातल्या सरावाला रोजची दहा मिनिटं लागतात, दुसरं काही नाही. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे प्राणायाम आहेच, हे नवीन काय? प्राणायाम आहे आणि तो उपयोगीही आहे. पण तो बहुधा शांत होण्यासाठी शिकवला जातो, आणि प्रत्येक खेळाला शांतता नको असते. पैलवान शड्डू ठोकतो तो स्वतःला चढवण्यासाठी. पिस्तूलवालीला उतरायचं असतं. कबड्डीच्या चढाईआधी चढायचं, बोनस रेषेपाशी क्षणभर थंड व्हायचं, असं दोन्ही लागतं. कुणाला किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

यंत्रांची मात्र मला भीतीही वाटते. एकदा शाळेत एक विक्रेता डोक्याला लावायचा पट्टा घेऊन आला होता. दिवा हिरवा झाला की एकाग्रता वाढली, असं त्याचं म्हणणं. शंभर मुलांसाठी शंभर पट्टे घ्या, निकाल दोन महिन्यांत. १९९१ साली लँडर्स यांच्याच गटानं तिरंदाजांवर केलेला प्रयोग मी त्याला सांगितला. काहींना मेंदूलहरींचा योग्य फीडबॅक दिला, त्यांची कामगिरी सुधारली. काहींना मुद्दाम चुकीचा दिला, त्यांची बिघडली. म्हणजे हे अवजार निरुपद्रवी नाही, चुकीच्या हातात ते खेळाडूला मागे नेतं. मेंदूलहरींवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि तज्ज्ञांत वाद आहेत. सार्वजनिक पैसा तिथे ओतण्याची घाई नको. नाडी आणि श्वासाचं काम जास्त पक्कं आहे आणि त्याला काही हजारांचा छातीचा पट्टा पुरतो.

त्यामुळे माझी मागणी यंत्रांच्या खरेदीची नाहीच, माणसाची आहे. विभागीय क्रीडा संकुलात क्रीडामानसशास्त्र शिकलेली एक व्यक्ती कायम नेमणुकीवर हवी, पदकाच्या आदल्या महिन्यापुरती नव्हे. तिनं वर्षभर फिरतीवर राहावं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीसारख्या तालमींत बसावं, दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जावं, आणि वस्तादांना, आम्हा क्रीडाशिक्षकांना हे शिकवावं. पोरगं रोज आमच्यासमोर असतं. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून एक पगार निघू शकत नाही, हे मी मानायला तयार नाही. आणि जे पोरगं सरावाच्या पलीकडे गेलंय, ज्याची झोप उडालीय, जेवण तुटलंय, त्याला ओळखून वेळेत डॉक्टरकडे पाठवणंही त्याच व्यक्तीचं काम. अशा पोराला श्वास मोजायला लावणं म्हणजे मोडलेल्या हाडाला तेल चोळणं.

एका गोष्टीवर मी अजिबात मागे हटणार नाही. मुलाच्या नाडीची नोंद निवड समितीच्या टेबलावर जाता कामा नये. “हिची रेघ अस्थिर आहे, हिला राखीव ठेवा,” असं एकदा सुरू झालं की ‘हाय खाल्ली’ला आपण यंत्राचा शिक्का मारून दिला असं होईल. पुढच्या वेळी मुलगी पट्टा बांधायलाच घाबरेल, आणि घाबरलेल्या मुलीची रेघ कशी दिसते ते मी पाहिलंय. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. संमतीचा कागद शाळेच्या प्रवेशअर्जाला टाचून मोकळं होऊ नये. नोंद मुलाच्या हातात द्यावी, घरी न्यावी, त्याला वाटलं तर फाडून टाकावी.

पुण्याला जाणारी ती मुलगी आता पट्टा वापरत नाही. तिचा श्वास कुठे लांबवायचा ते तिला आतून कळतं. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर ती माझ्या कुस्तीच्या पोरांसोबत व्यायामशाळेत येते. पोरं लांग घालून मातीत उभी राहतात, ती कोपऱ्यात हात पुढे करून, पिस्तुलाच्या वजनाची पाण्याची बाटली धरून. “तयार?” मी विचारते. सगळे डोळे मिटतात. मग मी खासबागेत रेकॉर्ड केलेली हलगी मोबाइलवर लावते, पूर्ण आवाजात.